तव्याचं काळं

मला भांडं घासायला शिकवणारं माणूस अजून जन्माला यायचंय, असं मी चारचौघींत छाती ठोकून सांगायची. आता सांगत नाही. का ते लिहायचं म्हणते, आणि लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

आमचं घर माकणीत. मालक शेती बघतात, मी घर बघते आणि दोघं मिळून एकमेकांच्या चुका बघतो. मला राग लवकर येतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण माझी भांडीही सगळ्या गावाला माहीत आहेत. माझ्या तांब्यात तोंड बघून कुंकू लावावं, असं माझी थोरली जाऊ म्हणायची. ती कौतुक कमीच करायची, म्हणून हे वाक्य मी जपून ठेवलंय.

दोन वर्षांमागं वैशाखात सून आली. माझा पोरगा फौजेत, सुट्टीपुरता घरी; सून मुरुमची पोर, लोहाऱ्याला बँकेत नोकरीला. मुरुमकडं घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी चालतं आणि रविवारी न्याहारीला दोसे लागतात. ती आली तेव्हा साड्यांच्या पेटीपेक्षा जपून तिनं एक खोकं आणलं होतं. मला वाटलं दागिना आहे. उघडलं तर आत काळाकुट्ट तवा! नॉनस्टिकचा. पहिल्या पगारातून तिनं तो घेतला होता.

“आत्या, एवढा एकच तवा जरा माझ्या पद्धतीनं वापरूया का?” ती म्हणाली. आमच्याकडं सुना सासूला आत्याच म्हणतात. मग तिनं पद्धत सांगितली. तारेची घासणी नको, राख नको. स्टीलचं उलथनं नको, लाकडीच घ्यायचं. गॅस मोठा करायचा नाही. रिकामा तापवायचा नाही. तापलेल्यावर गार पाणी ओतायचं नाही, आधी निवू द्यायचा, मग मऊ स्पंजनं साबणाच्या पाण्यात हलकं धुवायचं. त्याच्यावर दुसरं भांडं ठेवायचं असलं तर मधे कापड घालायचं.

“एवढं पथ्य तर बाळंतिणीला पण नसतंय ग,” मी म्हटलं.

ती गालात हसली, पण पुढं बोलली नाही. तेच तर माझं दुखणं होतं. पोर कधी उलट बोलायचीच नाही. सकाळी उठायची, भाजी चिरून द्यायची, डबा घेऊन बँकेत जायची, संध्याकाळी येऊन विचारायची, “आत्या, आता काय करू?” पाहुणीसारखं सगळं. मी बोलले तरी गप्प, मी गप्प बसले तरी गप्प. अहो, मला भांडायला कुणी नसलं की अन्न गोड लागत नाही!

फक्त रविवारी ती वेगळी दिसायची. पदर खोचून गॅसपुढं उभी राहायची आणि त्या काळ्या तव्यावर वाटीच्या बुडानं पीठ फिरवायची. दोसा असा अलगद सुटायचा की मालक टाळ्याच वाजवायचे. त्या तासाभरात ती मला सुद्धा सांगायची, “आत्या, तुम्ही बसा.” आठवड्यातला तेवढा एक तास स्वयंपाकघर तिचं असायचं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या भागात घट बसायच्या आधी दसरा काढतात. दसरा काढायचा म्हणजे घर उलटं करायचं. वाकळा-गोधड्या धरणाच्या काठाला नेऊन धुवायच्या, भिंती-माळे झाडायचे आणि घरातलं भांडं न् भांडं, वापरातलं असो की फळीवरचं, काढून घासायचं. त्या दिवसांत बायका एकमेकींना जेवलीस का विचारत नाहीत, “दसरा काढला का?” एवढंच विचारतात. घासलेली भांडी अंगणात बाजेवर उन्हाला मांडायची आणि जाता-येता शेजारणींनी ती बघायची. “बघायला आले नाही” असं म्हणत बघूनच जातात.

त्या वर्षी सून बँकेत गेली होती आणि मी सकाळपासून न्हाणीत बसले होते. राख, चिंच, काथ्या आणि तारेची घासणी, सगळी फौज घेऊन. दुपारपर्यंत बाज भरली. हंडे, परात, डबे, ताटं, सगळं उन्हात असं चमकायला लागलं की डोळे दिपले. आणि मधोमध तो काळा तवा. त्याला मी दिल्या शब्दाप्रमाणं मऊ स्पंजनंच धुतलं होतं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात शेजारीण आली. कंबरेवर हात ठेवून तिनं बाजेवरून नजर फिरवली आणि तव्यापाशी थांबली.

“सुनेचं भांडं तसंच काळं ठेवलंय व्हय?” ती म्हणाली. “तुमचं आपलं लख्ख आणि तिचं तसंच. लोक काय म्हणतील?”

झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. मला वाटलं, खरंच की. पोरीचा तेवढा तवा काळा राहिला, तर तिला वाटेल सासू आपलं-परकं करती. तिच्या मनगटात जोर नाही, म्हणून ती मऊ स्पंज घेती. आपण एकदा नीट काढून दिला, तर संध्याकाळी येऊन बघेल आणि हरखून जाईल. मी तवा पुन्हा न्हाणीत नेला.

पहिल्या घासणीला काही निघालं नाही. मी राख घेतली, वीट फोडून तिची भुकटी घेतली, तारेची घासणी घेतली. आणि काळं निघायला लागलं! काळं पाणी असं वाहायला लागलं की मला तर चेवच चढला. बाई बाई, केवढं जळकं साठवलंय हिनं, असं म्हणत मी तासभर घासलं. खांदा भरून आला. शेवटी आतून पांढराशुभ्र पत्रा निघाला. मी तो बाजेवर सगळ्यांत पुढं ठेवला, शेजारणीला दिसेल असा.

मालक सोयाबीनच्या रानातनं आले. पाणी पिता पिता बाजेकडं बघितलं.

“हे काय नवीन आणलंस?”

“नवीन न्हाय, सुनेचा तवा हाय,” मी ऐटीत म्हटलं. “काळं काढलं त्याचं.”

त्यांनी तवा उचलला, बोटानं चाचपला आणि तांब्या खाली ठेवला. “अगं, ते जळलेलं नव्हतं. ते काळंच तर त्याचं अस्तर होतं. त्याच्यामुळंच दोसा सुटत होता. तुझा बिडाचा तवा मी एकदा पाण्यात भिजत घातला होता, तर दोन दिवस बोलली नव्हतीस माझ्याशी. आठवतंय का?”

आठवत नसायला काय झालं! बिडाचा तवा माझ्या आईचा. त्याच्यावर धिरडी करून करून असं काळं चढलंय की बोट फिरवलं तर घसरावं. त्या काळ्याला मी राख लावू दिली नाही, साबण लावू दिला नाही. दसरा काढताना सुद्धा तो बाजेवर येत नाही, आत खुंटीला असतो. आपल्या तव्याचं काळं ते काळं आणि दुसऱ्याच्या तव्याचं ती घाण! मला कुणीतरी थोबाडीत मारल्यागत झालं. मी तिथंच न्हाणीच्या कडेला बसले.

“आल्या आल्या सांगून टाक तिला,” मालक म्हणाले.

मी कुठली सांगते! जन्मात कधी “चुकलं माझं” म्हटलेलं नव्हतं, त्या शब्दांना तोंडात जागाच नव्हती. मी तवा जुन्या लुगड्याच्या घडीत गुंडाळला आणि धान्याच्या कोठीमागं लपवला. दुसऱ्या दिवशी घट बसणार होते. आम्ही दोघीही नऊ दिवस धरतो, त्यामुळं घट उठेपर्यंत दोसे नव्हतेच. तेवढ्यात काहीतरी करू, असं मी मनाशी ठरवलं.

संध्याकाळी सून आली, वाळलेल्या वाकळा माझ्याबरोबर घडी केल्या आणि अंगणात उभी राहून आईला फोन लावला. मी काही कान देऊन ऐकत नव्हते. पण ऐकू आलं.

“तुम्ही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला या. दोसे मी करणार आहे, सगळ्यांचे, माझ्या तव्यावर. नाही ग आई, तू म्हणतीस तसं नाही. इथं मला माझं म्हणून काही करता येतं. तू येऊन बघच.”

म्हणजे तिची आई काय म्हणत असणार, ते मला न सांगता कळलं. आपली शिकलेली पोर त्या घरात नुसती हाताखाली राबती, चुलीपुढं तिला कुणी उभं करत नाही, ही त्या बाईची काळजी. आणि पोर सांगतीय की नाही, माझा तवा आहे, माझा तास आहे. तो तवा कोठीमागं लुगड्यात. मी उठून कोठीपुढं अजून एक पोतं सरकवलं.

तिसऱ्या माळेला मी डोळे दाखवायला जाते म्हणून उमरग्याला गेले. लोहाऱ्याला सून, मुरुमला तिचं माहेर, दुसरं गाव उरलंच नव्हतं. भांड्यांच्या चार दुकानांत फिरले तेव्हा एकाकडं तसलाच तवा मिळाला. एकच शिल्लक होता. दुकानदार सांगायला लागला, “मावशी, हा वापरताना...”

“मला सगळं माहीत हाय,” मी म्हटलं आणि खोकं काखेत मारून एसटी पकडली. येताना जिवात जीव आला होता. नवा तवा फळीवर ठेवायचा, जुना कायमचा गडप करायचा, कुणाला काही कळायचं नाही.

पण नवा तवा म्हटलं की तो आधी तयार करावा लागतो. हे मला आईनं शिकवलंय. लोखंडाचा असो की बिडाचा, नव्या तव्याला तेल माखायचं, खाली चांगला जाळ घालायचा, अर्धा कांदा उलथन्याला टोचून सगळीकडं फिरवायचा आणि धूर निघेपर्यंत तापवायचं. तसं केल्याशिवाय पहिलंच धिरडं चिकटतं. सुनेच्या आईपुढं पहिलाच दोसा चिकटला तर काय घ्या! म्हणून मी परसात चूल पेटवली, तुराट्या घातल्या, तवा ठेवला, तेल माखलं आणि कांदा फिरवायला लागले.

धूर निघाला. पण हा धूर तेलाचा नव्हता. असा काही उग्र वास सुटला की डोळ्यांतून पाणी आलं, घसा धरला. मालक खोकत खोकत धावत आले, त्यांनी फडक्यानं तवा धरून लांब मातीत फेकला आणि मला ओढून अंगणात आणलं. धूर गेल्यावर जाऊन बघितलं, तर तव्याच्या मधोमध फोड आले होते आणि अस्तराचे पापुद्रे निघाले होते. अर्धा कांदा मात्र छान भाजला होता.

“दुकानदार काही बोलला का?” त्यांनी विचारलं.

“बोलणार होता,” मी म्हटलं.

ते इतके हसले की खाली बसले. मी चिडले. मग मलाही हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. म्हटलं, मी त्या पोरीचा एक तास खाल्ला हो, आठवड्यातला तिचा एकच तास होता. त्यांनी हसू आवरलं. म्हणाले, “तवा शोधू नकोस आता. तोंड उघड.”

उरलेल्या माळा मी कशा काढल्या, माझं मला ठाऊक. सून रोज घटाला पाणी घालायची, दिव्यात तेल घालायची आणि मधेच म्हणायची, “आत्या, उडीद किती भिजवू? आई चार तरी दोसे खाती, दादा आठ खातो.” मी म्हणायची, “भिजव की ग, पाहिजे तेवढा.” तिचा चेहरा बघवायचा नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी पीठ वाटून पातेल्यात झाकून ठेवलेलं. सून आपट्याची पानं घेऊन माझ्यापुढं आली आणि पाया पडायला वाकली.

“थांब,” मी म्हटलं. “सोनं मग दे. आधी बघ.”

कोठीमागनं लुगड्याचं गाठोडं आणलं आणि तिच्यापुढं सोडलं. दोन तवे. एक पांढरा, एक फोड आलेला. आणि मी एका दमात सांगून टाकलं. बाज, शेजारीण, वीट, उमरगा, चूल, सगळं. शेवटी म्हटलं, “चुकलं माझं.” भिंतीकडं बघून म्हटलं, पण म्हटलं.

ती पांढऱ्या तव्यावरून हात फिरवत बसली. मग वर बघितलं. अशी नजर मी तिची कधी बघितली नव्हती.

“सांगितलं होतं का नाही मी?” ती ओरडली. हो, ओरडलीच! “एकदा नाही, दहादा सांगितलं! तार लावू नका, राख लावू नका! एक वस्तू होती माझी या घरात, तेवढी पण तुम्हाला बघवली नाही का? आणि नऊ दिवस तोंड मिटून बसलात? उद्या आई येणार, तिच्यापुढं मी भाकरीच्या तव्यावर दोसे खरवडत बसू?”

आणि तिनं एकदम तोंडावर हात ठेवला. सासूवर ओरडलो, हे तिच्या लक्षात आलं असावं. मालक दारात पुतळ्यागत उभे. आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं! एवढं बरं वाटलं की बस्स. पाच महिने जी पोर पाहुणीसारखी राहिली, ती आज माझ्याच घरात माझ्यावर ओरडली होती.

“बोल अजून,” मी म्हटलं. “पोटात ठेवू नको.”

“अजून काय बोलू?” तिनं डोळे पुसले आणि दुसरा तवा उचलला. “हा कसा गेला पण?”

“कांदा लावला.”

“नॉनस्टिकला कांदा?”

“अर्धाच लावला.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिच्या नाकातून हसू फुटलं, मग माझ्या, आणि आम्ही दोघी त्या दोन तव्यांपुढं बसून पोट धरून हसलो. मालकांनी तेवढ्यात आपलं सोनं दोघींच्या हातात कोंबलं आणि सटकले.

हसू थांबल्यावर मी आत गेले आणि खुंटीवरचा बिडाचा तवा काढला. तो माझ्याशिवाय कुणी हातात घेतलेला नव्हता. माझ्या पोरानं सुद्धा नाही. मी तो तिच्या मांडीवर ठेवला.

“दोसे ह्याच्यावर कर. ह्याला साबण लावायचा नाही. राख नको, चिंच नको, लिंबू नको. पाण्यात भिजत ठेवायचा नाही. गरम पाण्यानं नुसता पुसायचा, लगेच गॅसवर सुकवायचा आणि तेलाचा हात फिरवून खुंटीला लावायचा.”

तिनं तव्यावर बोट फिरवलं. बोट घसरलं. “आत्या,” ती म्हणाली, “एवढं पथ्य तर बाळंतिणीला पण नसतंय.”

दुसऱ्या दिवशी तिची आई, वडील आणि भाऊ आले. सोनं दिलं, घेतलं. विहीणबाई चहा पिताना सारख्या आत बघत होत्या. सून गॅसपुढं उभी होती. मी मागं. पहिला दोसा तिनं घातला आणि तो चिकटला. तवा जड, तिला त्याच्या तापाचा अंदाज नव्हता. माझे हात असे शिवशिवले! उलथनं तिच्या हातातनं घ्यावं, गॅस बारीक करावा, पाण्याचा शिपका मारावा. मी हात पुढं केला सुद्धा.

“आत्या,” ती मागं न बघता म्हणाली, “तुम्ही बाहेर बसा.”

मी बाहेर जाऊन विहीणबाईंच्या शेजारी बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच घरात, माझ्याच आईचा तवा गॅसवर असताना, मी पाहुणीसारखी ताटाची वाट बघत बसले. आतून चर्र असा आवाज आला. मग दुसरा. मग ताट आलं. दोसा तांबूस, कडेला जाळी पडलेला, कुठं तुटलेला नाही. विहीणबाईंनी एक घास घेतला. मग पदरानं डोळ्याचा कोपरा टिपला आणि दुसरा दोसा मागितला. मी सहा खाल्ले. नऊ दिवसांची भूक होती.

“तुझा तो काळा तवा दिसत नाही ग,” त्यांनी नंतर विचारलं.

“तो होय? आत्यांनी लख्ख घासून ठेवलाय,” सून म्हणाली आणि माझ्याकडं बघून तिनं डोळे मिचकावले. मालकांना ठसका लागला.

जेवणं झाल्यावर सगळे अंगणात टेकले. सून ताटं गोळा करत होती. विहीणबाई चांगल्या घरच्या, त्यांना बसवेना. त्या न सांगता उठल्या, न्हाणीत गेल्या आणि मला आवाज आला. घासणीचा. मी धडपडत आत गेले. बाई पाटावर बसलेल्या, डाव्या हातात माझा बिडाचा तवा, उजव्या हातात तारेची घासणी, शेजारी साबण.

“केवढं काळं साठलंय हो ह्याला,” त्या म्हणाल्या. “मी काढून देते.”

मी ओरडायला तोंड उघडलं. पण माझ्याआधीच हातातली ताटं धाडकन खाली ठेवून सून धावली आणि तिनं आईच्या हातातून तवा ओढून छातीशी धरला.

“आई, ठेव ती घासणी!” ती म्हणाली. “ती घाण नाही. ते आमच्या घरचं काळं आहे.”